‘आम्ही दिलं’ म्हणणाऱ्या साहेबांस

गेवराई, जि. बीड

प्रति,
व्यासपीठावरून ‘आम्ही दिलं’ असं सांगणारे सर्व साहेब

विषय: आमच्याच पैशाचे आमच्यावर उपकार चढवल्याबद्दल, आणि आमच्या पोरांच्या नावावर उधारी लावल्याबद्दल.

साहेब,

मी गेवराईत किराणा दुकान चालवतो. वडिलांनी सुरू केलेलं, मी वाढवलेलं. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला एक सवय लागते. कुणी काय दिलं आणि कुणाकडून काय येणं आहे, हे त्याच्या डोक्यात आपोआप दोन रकान्यांत पडत जातं. तुमचं भाषण ऐकलं तेव्हापासून एक रक्कम माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. कापसाची वेचणी चालू होती, आणि ऊसतोडीला गेलेल्या माणसांना मतदानापुरतं गावाकडे आणायला गाड्या सुटत होत्या. मी शटर अर्धं ओढून तुमच्या सभेला येऊन उभा राहिलो. पुढे बायकांच्या रांगाच रांगा. तुम्ही माइक हातात घेतला आणि विचारलंत, ‘तुमच्या खात्यात पैसे कुणी टाकले?’ कुणी बोलायच्या आत उत्तरही तुम्हीच दिलंत: ‘आम्ही टाकले. आम्ही दिले.’ टाळ्या पडल्या. दोन दिवसांनी दुसरा मांडव, दुसरे साहेब. एका बाजूने ‘लाडकी बहीण’च्या महिन्याच्या पंधराशेचे एकवीसशे करू म्हटलं, दुसऱ्या बाजूने आम्ही तीन हजार देऊ म्हटलं. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, क्रियापद एकच. म्हणून हे पत्र एका पक्षाला नाही. ज्याने ज्याने ते क्रियापद वापरलं त्या प्रत्येकाला आहे.

‘देणं’ या शब्दाला आमच्याकडे वजन आहे, साहेब. दिंडी गावात आली की घरातली बाई पीठ संपेपर्यंत भाकरी थापते, त्याला आम्ही देणं म्हणतो. लेकीच्या लग्नात भाऊ स्वतःची खोंडं विकून आहेर करतो, तेही देणं. देणाऱ्याच्या ताटातलं काहीतरी कमी होतं, तेव्हाच तो शब्द शोभतो. तुमच्या ताटातलं काय कमी झालं? सभेला आलात ती गाडी तीच होती, गळ्यातले हार तेवढेच होते, आणि ज्या पैशाचं श्रेय तुम्ही घेतलंत त्यात तुमच्या खिशातला एक रुपया नव्हता.

तो पैसा कुणाचा होता, ते मी दुकानातूनच सांगतो.

एका तांड्यावरच्या मावशी माझ्याकडे बरीच वर्षं येतात. हप्ता जमा झाला की त्या बँकेत जातात, तिथून सरळ दुकानात. गेल्या दिवाळीनंतर अशाच आल्या. तेलाची पिशवी दीडशेची. पाच किलो साखर दोनशे वीसची. चहाचा पुडा एकशे वीसचा. अंघोळीच्या साबणाच्या वड्या एकशे पाचच्या. कपडे धुण्याची पावडर एकशे अठराची. आणि नातवाच्या मोबाईलला दोनशे नव्याण्णवचं रिचार्ज. बिल झालं एक हजार बारा रुपये. पंधराशेतले उरलेले पैसे त्यांनी पदराच्या गाठीत बांधले आणि म्हणाल्या, ‘सरकारनं दिलं म्हणून भागतंय बघा शेठ.’

मी बिल उलटं केलं आणि मागच्या बाजूला पेन्सिलने हिशोब मांडला. तेल, साखर, चहा, अंघोळीचा साबण यांवर पाच टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा साबण अठरावरून पाचवर आला, ते बरं झालं. धुण्याच्या पावडरीवर मात्र अठरा आहे, रिचार्जवरही अठरा. पावडरीच्या एकशे अठरात अठरा रुपये कर. रिचार्जमध्ये पंचेचाळीस-सेहेचाळीस. बाकी चार वस्तूंचे मिळून अठ्ठावीस. बेरीज ब्याण्णव रुपये. निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे.

मावशी म्हणाल्या, ‘मी कुठं टॅक्स भरते? टॅक्स तर नोकरीवाले भरत्यात.’ मी एकेक वस्तू पुढे ठेवून आकडा दाखवला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. बोटावर काहीतरी मोजलं. मग शांतपणे म्हणाल्या, ‘मग सभंत ते तसं का म्हणले?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतोय.

आणि हा फक्त किराणा झाला. मावशींच्या दोन एकर कपाशीवर फवारणीचं औषध मारलं जातं, त्या औषधावर अठरा टक्के. कारखानदार कच्च्या मालावर भरलेला कर पुढच्या करातून वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही, त्याने भरलेला कर त्याच्याच अंगावर राहतो. नातवाच्या मोटारसायकलीत पेट्रोल पडतं, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. तो व्हॅट भरताना कुणी पावती फाडत नाही, त्यामुळे भरल्याचं कळतच नाही. आमिल्कारे पुवियानी नावाच्या इटालियन अभ्यासकाने १९०३ मध्येच एक आख्खा ग्रंथ याच गोष्टीवर लिहिला: राज्यकर्ते कर असा पसरवून आणि लपवून घेतात की देणाऱ्याला ओझं हलकं वाटतं आणि मिळालेला लाभ मात्र डोळ्यांत भरतो. त्यांनी गेवराई पाहिली नव्हती. पण हप्त्याच्या दिवशीचं माझं दुकान त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, हा दुकानदार कर भरायलाच नाही म्हणतोय. नाही साहेब. आमच्या भागाला कर झुगारणं ठाऊक आहे, आणि कर मान्य करणंही ठाऊक आहे. दोन्हींतला फरक आमच्या आज्या-पणज्यांनी जगून दाखवलाय.

निजामाच्या राज्यात करोडगिरीचे नाके होते. माल इकडून तिकडे न्यायचा म्हटलं की नाक्यावर जकात. १९४७-४८ मध्ये मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी सरहद्दीवरच्या या नाक्यांवर हल्ले केले, ते फोडले, जाळले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. आज त्याच माणसांची नातवंडं सोलापूर-धुळे महामार्गावर पाडळसिंगीच्या टोलनाक्याला गाडी हळू करतात, फास्टॅग वाजतो, दांडा वर जातो, गाडी पुढे जाते. टोल हा काटेकोर अर्थाने कर नव्हे, पण खिशाला दोन्ही सारखेच. तरी कुणी नाका जाळत नाही. सरकारने पोलीस बसवलेत म्हणून नाही. पोलीस निजामाकडेही होते, वर रझाकार होते. फरक इतकाच की निजामाला विचारता येत नव्हतं, आणि आजच्या सरकारला विचारता येतं. कर आम्ही त्या विचारण्याच्या बदल्यात मान्य केलाय. मत हे त्या कराचं बिल आहे. तुम्ही ‘आम्ही दिलं’ म्हणता तेव्हा ते बिल आमच्या हातातून काढून घेता. घेणारा कधी हिशोब मागत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे.

कर मनापासून कसा मान्य होतो, याचं मराठवाड्याला विसरता न येणारं उदाहरण १९७२ चं आहे. माझी आई त्या दुष्काळात खडी फोडायला आणि नालाबांधाच्या कामाला जात होती. लाल मिलो आणि सुकडी हे शब्द तिच्या तोंडी शेवटपर्यंत होते. वि. स. पागे यांच्या विचारातून तेव्हा महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली: काम मागेल त्याला काम. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न टाळला गेला नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून थोडे पैसे कापायचे, आणि जेवढे करातून येतील तेवढेच सरकारने घालायचे. १९७७ मध्ये हमीचा कायदा विधिमंडळाने एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तो व्यवसाय कर आजही पगारातून कापला जातो, महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. मुंबईतला कारकून आणि बीड जिल्ह्यातला खडी फोडणारा मजूर एकाच कायद्याने एकमेकांशी बांधले गेले. पुढे हमीच्या कामावर आईला मिळणाऱ्या मजुरीमागे कुणाच्या तरी पगारपत्रकावरची एक ओळ होती. तिच्यावर कुणी उपकार केले नव्हते. तिने काम केलं होतं, दाम घेतला होता, आणि तो दाम कुठून आला हे कायद्यात लिहिलेलं होतं. मी आईचा मुलगा आहे, म्हणून मला करांचा राग नाही. मला लपवाछपवीचा राग आहे.

कारण त्याच दुष्काळाच्या नावाने पुढे वेगळंही झालं. २०१५ मध्ये मराठवाडा पुन्हा होरपळत होता. तेव्हा राज्य सरकारने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले. लोकांनी मानलं, कारण गरज खरी होती. दुष्काळ सरला. पेट्रोलवरचा अधिभार मात्र पुढची कित्येक वर्षं या ना त्या आकाराने बिलात राहिला. दुष्काळ आमचा, नाव आमचं, आणि त्या नावाने घेतलेल्या पैशातून काय झालं हे सांगायला आमच्या चावडीवर कुणी आलं नाही. पुढच्या वेळी खरंच गरज पडेल आणि सरकार हात पुढे करेल, तेव्हा लोक कुरकुरतील, आणि तुम्ही त्यांना कृतघ्न म्हणाल.

दुसरीकडे जे सहज घेता येईल ते घेतलं जात नाही. आमच्या तालुक्याला गोदावरीचा लांब काठ आहे. तिथली वाळू रात्री हायवा भरभरून चोरून जाते, हे तहसीलच्या कारवायांच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्या वाळूची रॉयल्टी हा सरकारी तिजोरीचा पैसा आहे, म्हणजे आमचा. मावशीच्या साबणवडीवरचा पाच टक्के कर चुकत नाही, तो किमतीतच मुरलेला आहे. हायवाची रॉयल्टी मात्र अंधारात बुडते. प्रामाणिक माणसाच्या मनात कर भरण्याची चीड तयार होते ती अशा ठिकाणी. आपण भरतोय आणि शेजारचा बुडवतोय, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माझ्यासारखा दुकानदारही बिल न देता माल द्यायचा विचार करू लागतो. मी केलाय तो विचार. मग मुलगी दुकानात बसून अभ्यास करताना दिसते, आणि पेन पुन्हा बिलबुकाकडे जातं.

आता कर्जाकडे येतो. ते तुम्ही सभेत एकदाही उच्चारलं नाही.

बीड जिल्ह्यात उचल हा शब्द पाळण्यातल्या पोरालाही कळतो. दसऱ्या-दिवाळीच्या आधी मुकादम येतो, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. घरात पैसा येतो, लग्न होतं, दवाखाना होतो, पत्र्याची खोली होते. मग ती जोडी टायरगाडीवर पाल, भांडी आणि लहान पोर टाकून पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या फडात जाते आणि पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधून ती उचल फेडते. पाऊस आडवा आला, आजारपण आलं, कारखाना लवकर बंद झाला, की उचल फिटत नाही. बाकी अंगावर येते. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. उचल घेताना घरात आनंद असतो, हे मी दुकानातून पाहतो: त्या आठवड्यात पोरांना बिस्किटाचे पुडे रोख घेतले जातात. फेडतानाचं दृश्य कुणी पाहत नाही, ते तीनशे किलोमीटरवर, उसाच्या पाचटात असतं.

तुम्ही आमच्या नावावर उचल घेताय, साहेब. फरक एवढाच की कोयत्याला निदान ठाऊक असतं की ही उचल आहे. तुम्ही तिला भेट म्हणून सांगता.

आकडे तुमच्याच अर्थसंकल्पाचे आहेत. मार्च २०२५ मध्ये २०२५-२६ साठी जो मांडला गेला त्यात राज्याचं महसुली उत्पन्न सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी आणि महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी धरला होता. म्हणजे रोजच्या खर्चालाच जवळजवळ ४६ हजार कोटी कमी पडत होते. वर्षअखेरीला राज्यावरचं एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल, असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात होता. २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटी माणसांनी भागलं तर डोई ८० हजारांच्या वर. आता माणसं वाढलीत, आकडा थोडा खाली येईल. तरी माझ्या घरातल्या पाच माणसांचा मिळून तो माझ्या दुकानातल्या मालाच्या किमतीच्या आसपास जातो. ‘लाडकी बहीण’साठी त्या वर्षी ३६ हजार कोटी ठेवले होते. एकवीसशे त्यात नव्हते. मतदान झालेलं होतं.

मला एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहायची आहे, नाहीतर तुमचे कार्यकर्ते उद्या मावशीला सांगतील की हा शेठ तुझे पैसे बंद करा म्हणतो. मी तसं म्हणत नाही. त्या पंधराशेतून मावशीची रक्तदाबाची गोळी येते. नवऱ्याकडे हात न पसरता त्या तेल घेतात. मी त्यांना पहिल्यांदा नोट मोजून गल्ल्यावर ठेवताना पाहिलं, तेव्हा मान ताठ होती. ही योजना टिकावी, म्हणूनच मी भांडतोय. उचलीवर चाललेली गोष्ट टिकत नाही. मतदानाआधी अर्ज धडाधड मंजूर झाले आणि मतदानानंतर छाननी लागली. २०२५ मध्ये २६ लाखांवर लाभार्थ्यांचे हप्ते थांबवले गेले. त्यात अपात्र होते, ते थांबायलाच हवेत. पण मग छाननी आधी का झाली नाही? उत्तर तारखांमध्येच आहे: योजना जाहीर झाली २८ जून २०२४ ला, मतदान २० नोव्हेंबरला. मध्ये पाच महिनेसुद्धा नव्हते.

कर्ज काढणं हेच पाप आहे, असंही माझं म्हणणं नाही. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी आमच्या तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडे जातं. असा कालवा रोजच्या उत्पन्नातून खोदता येत नाही, आणि तो पन्नास वर्षं चालणार असेल तर त्याची किंमत पुढच्या पिढीनेही थोडी उचलावी, यात अन्याय नाही. ती पिढी पाणीही घेणार आहे. मी स्वतः दुकानातल्या फ्रीजसाठी कर्ज काढलं. फ्रीजने ते फेडलं. पण घरच्या भाजीसाठी दर महिन्याला कर्ज काढायला लागलो असतो तर बायकोने आधी वही हिसकावली असती. महसुली तूट म्हणजे भाजीचं कर्ज. ते मिटवावं म्हणून २००५ मध्ये महाराष्ट्राने स्वतःच राजकोषीय जबाबदारीचा कायदा केलेला आहे. तुमच्यापैकी कितीजणांनी सभेत त्या कायद्याचं नाव घेतलं?

हे कर्ज देतो कोण, तेही मावशीला सांगितलं पाहिजे. राज्य सरकार नोटा छापू शकत नाही. ते रोखे काढतं, रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते, आणि ते विकत घेतात बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी. म्हणजे माझ्या भावाचा एलआयसीचा हप्ता आणि शिक्षकाचा पीएफ फिरून तुमच्याकडे उधारीने येतो. रोखे दहा, पंधरा, वीस वर्षांचे. माझी मुलगी आता आठवीत आहे. ती चौतिशीची होईल तेव्हा आजच्या काही रोख्यांची मुद्दल फिटत असेल. फेडीचे पैसे कुठून येतील? तिच्या साबणाच्या वडीतून. तिचं मत तुम्ही मागितलं नाही, कारण तिला ते नाही. म्हणूनच तिच्या नावावर उचल घेणं एवढं सोपं पडलं.

दोष सगळा तुमचाच, असं लिहून मी मोकळा होणार नाही. सभेत मी उभा होतो आणि मीही काही विचारलं नाही. गर्दीत कुणी ‘पैसे आणणार कुठून?’ म्हणालं असतं तर आजूबाजूच्यांनीच त्याला गप्प बसवलं असतं. जास्त देईन म्हणणाऱ्याला आम्ही जास्त टाळ्या दिल्या, आणि त्या टाळ्यांचा अर्थ तुम्ही बरोबर लावलात. मतदाराने कर्जाबद्दल विचारलं नाही तर नेता कर्ज काढतो, यात गूढ काही नाही. पण आमच्या हातात दिलंय तरी काय? पाच वर्षांतून एक बटण. त्या एका बटणात रस्ता, जात, लग्नाला लावलेली हजेरी, पीकविमा आणि पंधराशे, सगळं कोंबलेलं. कर्जासाठी वेगळं बटण नाही. स्वित्झर्लंडमध्ये ते होतं. सरकारच्या कर्जाला लगाम घालायचा का, हा वेगळा प्रश्न तिथल्या लोकांपुढे २ डिसेंबर २००१ ला सार्वमताने ठेवला. शंभरातल्या जवळजवळ पंच्याऐंशी जणांनी हो म्हटलं. साध्या माणसाला उधारीची अक्कल नसते, हे खरं नाही. त्याला सरळ विचारावं लागतं.

आणि लांब कशाला जायचं. आमच्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. शनीच्या दर्शनाला तुम्ही आलेला असाल, निवडणुकीच्या वर्षी बरेच जण येतात. त्याच परिसरात १० ऑगस्ट १७६३ ला माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. माधवराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. शाळेत आम्हाला ही लढाई शिकवली जाते, तलवारी आणि नदीच्या पुरासकट. त्याच्या पुढचं कुणी शिकवत नाही. नऊ वर्षांनी, १७७२ मध्ये, थेऊरला क्षयाने झिजलेल्या माधवरावांनी मृत्यूआधी नऊ कलमांची याद लिहून घेतली. त्यात त्यांनी कारभाऱ्यांकडून काय कबूल करून घेतलं? एक, माझं कर्ज फेडा, लागलं तर खासगीतला पैसा घाला. आणखी एक, मक्त्याने वसूल करण्याची पद्धत रयतेला जाचक आहे, तिचा बंदोबस्त करा. सत्तावीस वर्षांचा माणूस मरणाच्या दारात होता आणि त्याला कर्जाची आणि करवसुलीची चिंता होती. त्यांना कुणाच्या मताची गरज नव्हती. तुम्हाला आहे, तरी तुम्हाला ती चिंता नाही.

माझी मागणी मोठी नाही. उद्या चौकात तुमच्या फोटोचा बोर्ड लागेल. त्यावर योजनेचं नाव तुमच्या फोटोएवढ्याच अक्षरात लिहा, आणि त्याच अक्षरात खाली तीन आकडे लिहा: यातला किती पैसा करातून आला, किती कर्ज काढून आणला, आणि ते कर्ज कोणत्या साली फिटणार. ग्रामपंचायत घरपट्टी-पाणीपट्टीचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवते, कधी भांडणं होतात, कधी सरपंचाला घाम फुटतो, पण वाचून दाखवते. तुम्ही सरपंचापेक्षा मोठे आहात ना? मग तुमचा हिशोब ग्रामपंचायतीपेक्षा लहान आवाजात का?

आणि क्रियापद बदला. ‘आम्ही दिलं’ नका म्हणू. ‘तुमचं तुम्हाला परत केलं’ म्हणा, ‘थोडं उधारीवर केलं’ म्हणा. टाळ्या कमी पडतील. पण त्या दिवशी मी शटर पूर्ण बंद करून सभेला येईन, पहिल्या रांगेत बसेन.

तोवर येईन तो अर्धं शटर ओढूनच, आणि मावशींना सोबत घेऊन. त्यांना आता ब्याण्णव हा आकडा पाठ झालाय. परवा त्यांनी तांड्यावरच्या आणखी चार जणींना माझ्याकडे पाठवलं, सगळ्याजणी आपापली बिलं घेऊन आल्या होत्या आणि मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून द्या म्हणाल्या. मी लिहून दिलं. पुढच्या सभेत माइकवरून तुम्ही विचाराल, ‘कुणी दिलं?’, तेव्हा त्या बिलं उलटी करून वर धरणार आहेत.

कळावे,

गेवराईचा एक मतदार आणि किराणा दुकानदार

सोबत: एक हजार बारा रुपयांच्या बिलाची झेरॉक्स, दोन्ही बाजूंची.